पाठीवरची पाटी

कुणाच्या घरी गेलं की लोक पडदे बघतात, शोकेस बघतात, बाल्कनीतली तुळस बघतात. मला उपकरणांच्या पाठी बघायची सवय आहे. यजमान चहाचं सांगायला आत गेले की मी हळूच टीव्हीच्या मागे वाकतो. मिक्सर हाती लागला तर उलटा करतो. इस्त्री थंड असेल तर टाचेवर उभी करून वाचतो. बायकोला याची लाज वाटते. "लोकांच्या फ्रिजमागे काय हुडकता, झुरळं?" असं तिने एकदा चारचौघांत विचारलं होतं. झुरळं असतात, नाही असं नाही. पण मी शोधत असतो ती चंदेरी पाटी. तिच्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत तीन आकडे असतात : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि पुढे अमुक इतके वॅट.

पुढून प्रत्येक वस्तू बढाईखोर असते. मिक्सर 'टर्बो' असतो, इस्त्री 'रॉयल' असते, पंखा तर थेट वादळाशी नातं सांगतो. पाठीवर मात्र सगळ्यांची बोलती बंद होते. तिथे खोटं बोलायला जागाच नाही, कारण व्होल्ट आणि वॅट दिले की बाकीचं आपलं आपण काढता येतं. वॅटला व्होल्टने भागा, अँपियर येतात. व्होल्टला अँपियरने भागा, ओहम येतात. शाळेत या एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा घाम गाळला होता!

आमच्या गीझरच्या पाटीवर २००० वॅट लिहिलंय. भागिले २३०, म्हणजे साधारण ८.७ अँपियर. म्हणूनच त्याला जाड पिनांचा, १६ अँपियरचा पॉवर प्लग. आता २३० भागिले ८.७ करा, उत्तर साडेसव्वीस ओहमच्या जवळपास येतं. हे गीझरच्या आतल्या कॉइलचं अंगभूत अडवणं. आणि गंमत अशी की या सगळ्यांत गीझरचा स्वतःचा म्हणावा असा आकडा हा एकच, साडेसव्वीस, आणि नेमका तोच पाटीवर छापलेला नसतो. २३० व्होल्ट वीज कंपनीचे. २००० वॅट तर कुणाचेच नाहीत. कॉइल आणि व्होल्टेज यांची गाठ पडली तर ते जन्माला येतात, नाहीतर गीझर भिंतीवरचा पांढरा डबा. दुकानदार मात्र "दोन हजार वॅटचा आहे" असं म्हणतो, जणू ते वॅट डब्यात भरूनच कारखान्यातून निघाले आहेत.

याची प्रचिती शहरात येत नाही, गावाकडे येते. रब्बीचे दिवस, विहिरीविहिरींवरच्या मोटरी एकाच वेळी सुरू झालेल्या, आणि आपलं घर डीपीपासून लांबच्या वस्तीवर. अशा वेळी प्लगमध्ये १८० व्होल्ट मिळाले तरी नशीब. तोच गीझर, तेच साडेसव्वीस ओहम, पण आता अँपियर भरतात ६.८ आणि वॅट होतात १२२५. व्होल्टेज बावीस टक्क्यांनीच घसरलं, पण वॅट जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेले. कारण व्होल्ट उतरले की अँपियरही त्यांच्या मागोमाग उतरतात आणि गुणाकार दोन्हीकडून मार खातो. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला शहरात तेरा मिनिटं पुरतात, तिथे एकवीस लागतात. बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या असलेल्या पाहुण्याला ही आठ मिनिटं फार मोठी वाटतात. युनिटं म्हणाल तर तेवढीच पडतात. कमी व्होल्टेजवर बिल कमी येतं असं मानणारे आमच्या गावात बरेच आहेत, आणि त्यांना समजावण्यापेक्षा गार पाण्याने आंघोळ करणं सोपं.

मग हे पन्नास व्होल्ट गेले कुठे? चोरीला नाही गेले. ते वाटेतल्या तारेने खाल्ले. तारेलाही स्वतःचा रोध असतोच, थोडा का होईना; तिच्यातून जितका जास्त करंट ओढाल तितका जास्त दाब ती आपल्यापाशी ठेवून घेते. म्हणजे शेजारच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर सुरू झाली की आपला दिवा डिम होतो, ही काही शेजाऱ्याची खोडी नव्हे; तो नववीचा धडा आहे, अंगणात चाललेला. मोटरीचं वागणं मात्र गीझरच्या नेमकं उलट. गीझर मिळेल तेवढ्यात भागवतो. पाणी उपसणारी मोटर ऐकत नाही. तिच्यावर कामाचा बोजा तोच असतो, मग व्होल्टेज कमी पडलं की ती जास्त अँपियर ओढून भरपाई करू बघते, आणि त्या ओढाताणीत वाइंडिंग जळतं. तालुक्याच्या रिवाइंडिंगवाल्याकडे हंगामात जी रांग लागते तिचं कारण हे.

व्होल्टेज एका जागी न टिकणं हे दुखणं आपल्यालाच आहे असं समजू नका. ज्याच्या नावाने हा सगळा हिशेब चालतो त्या गेऑर्ग ओहमलाही याच दुखण्याने छळलं होतं. हा १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये जन्मलेला, कुलुपं बनवणाऱ्या लोहाराचा मुलगा. बाप स्वतःच्या हिमतीवर गणित शिकलेला आणि त्याने ते मुलांनाही शिकवलेलं. ओहम कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा आणि फावल्या वेळात तारांचे तुकडे जोडून त्यांतून किती करंट जातो ते मोजायचा. पण त्या काळची बॅटरी म्हणजे व्होल्टाच्या पद्धतीच्या धातूच्या चकत्या आणि आम्लाचं पाणी. सर्किट जोडलं रे जोडलं की तिचा दाब ढेपाळायचा. कुठल्या तारेने किती अडवलं हे मोजावं, तर मागून ढकलणाराच दमलेला! १८२५ साली त्याने छापलेलं पहिलं सूत्र त्यामुळे चुकलंच.

मग पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला युक्ती सुचवली. बिस्मथ आणि तांबं यांचा जोड घ्यायचा, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. या दोन तापमानांमधल्या फरकातून इवलासा, पण न डगमगणारा दाब मिळतो. पाणी शंभराला उकळतं आणि बर्फ शून्याला वितळतो, त्यात कुणाचा हंगाम आडवा येत नाही. आता तार बदलली की फक्त तारेचाच फरक दिसू लागला. जगातलं फार मोठं शास्त्र कधी कधी एक स्टॅबिलायझर सापडण्यासाठी अडून बसलेलं असतं. १८२७ मध्ये ओहमचं पुस्तक बर्लिनमध्ये निघालं, आणि त्याच्याच देशात त्याचं स्वागत इतकं थंड झालं की त्याने कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. मग काही वर्षं किरकोळ शिकवण्या, १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला नोकरी, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक, आणि म्युनिक विद्यापीठातलं मनाजोगतं प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ साली. १८५४ मध्ये तो गेला. रोधाच्या एककाला त्याचं नाव द्यायचं यावर आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झालं ते १८८१ मध्ये, पॅरिसला. एवढा रोध सोसलेल्या माणसाचं नाव रोधालाच मिळावं, हे मला वर्षानुवर्षं पटत आलंय.

खरं तर हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज उमरावाला ही गोष्ट अर्धशतक आधीच कळली होती. त्याच्याकडे मोजायला मीटर नव्हता, म्हणून त्याने स्वतःलाच मीटर केलं. मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचनळ्यांतून झटका घ्यायचा आणि तो किती जोराचा बसला ते टिपून ठेवायचं. माणूस कमालीचा घुमा. हे सगळं त्याने कुणाला सांगितलंच नाही. १८७९ मध्ये मॅक्सवेलने त्याची टिपणं छापली तेव्हा जगाला कळलं, आणि तोवर ओहमचं नाव पक्कं झालं होतं. आमच्या चाळीत एक मामा होते, ते बोट लावून "आहे करंट" असं सांगायचे. कॅव्हेंडिशच्या परंपरेतले शेवटचे संशोधक. (घरी करून बघू नका. मामा नशिबाने वाचले, शास्त्राने नव्हे.)

शाळेत हे असलं काही कळलं नाही. शाळेत पाण्याची टाकी होती. गच्चीवरची टाकी म्हणजे व्होल्टेज, पाइपातून येणारं पाणी म्हणजे करंट, आणि पाइप जेवढा चिंचोळा तेवढा रोध. मराठी माध्यमात शिकलेला एकही माणूस या टाकीतून न बुडता बाहेर आलेला नाही. उपमा म्हणून ती वाईट नाही, पण आमच्या सरांना तिचा भारी लळा. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पाइप कापला तर पाणी खाली सांडतं. वायर कापली तर वीज का सांडत नाही?" सरांनी त्याला बाहेर उभं केलं. प्रश्न फार चांगला होता. टाकी तिथेच संपते : विजेला परत जायची वाट असेल तरच ती निघते, आणि वाट तुटली की निघतच नाही. टाकीनंतर मग फळ्यावर त्रिकोण आला. वर व्ही, खाली आय आणि आर. हवं ते अक्षर बोटाने झाकायचं आणि उरलेलं वाचायचं. पिढ्यान्‌पिढ्या या त्रिकोणावर पास झाल्या. आजही नववीच्या पुस्तकात 'धाराविद्युत' आणि दहावीच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' असे धडे आहेत, आणि त्यांतल्या उदाहरणांत व्होल्टेज कधीच घसरत नाही. पुस्तकातलं गाव सुखी आहे.

नववीतल्या भाचीने परवा मला या सूत्रावरूनच पकडलं. तिच्या हाती मल्टिमीटर आला होता आणि माळ्यावरचा जुना ६० वॅटचा बल्ब. तिने आधी वहीत हिशेब केला : २३० गुणिले २३०, भागिले ६०, म्हणजे ८८२ ओहम. मग मीटरच्या दोन काड्या बल्बला लावल्या. मीटर म्हणाला, ६५. "मामा, सूत्र चुकीचं आहे," तिने जाहीर केलं, आणि ते इतक्या आनंदाने की मला तिच्या भवितव्याबद्दल आशा वाटली. बल्ब आम्ही होल्डरमध्ये लावला. काचेआड केसाएवढी टंगस्टनची तार, आधी करडी, बटण दाबताच पांढरी. पेटलेली ती तार अडीच हजार अंशांच्या घरात असते, आणि टंगस्टन तापलं की त्याचा रोध दहा-पंधरा पटींनी वाढतो. मीटरने मोजला तो झोपलेला बल्ब, पाटीवर लिहिलाय तो जागा झालेला. म्हणजे बटण दाबल्याक्षणी या साठ वॅटच्या गरिबाला साडेतीन अँपियरचा दणका बसतो. डोळ्यांची उघडझाप व्हायच्या आत तार तापते आणि तो पाव अँपियरवर येतो. बल्ब जळत असताना सहसा जात नाहीत, लावताना टक्‌कन जातात, ते यामुळे. भाचीने सूत्राला माफ केलं, पण अर्धवटच. "मग बल्ब ओहमचा नियम पाळतच नाही की," ती म्हणाली. पाळत नाही. ओहमच्या नियमातच तापमान तेच राहिलं तर, अशी अट घातलेली आहे. ती अट परीक्षेत एका गुणाला असते आणि सगळे तीच विसरतात.

पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवतो? भिंतीवर बसवलेला, पावाच्या लादीएवढा काळा डबा. त्याच्या आत तारेची वेटोळी असायची. पंखा एकवर केला की ती सगळी वेटोळी पंख्याच्या वाटेत उभी राहायची, पंख्याला कमी व्होल्ट मिळायचे आणि तो आजारी माणसासारखा फिरायचा. वीज वाचली म्हणून वडील खूश. वाचलेल्यातली बरीचशी त्या डब्यात तापत बसलेली असायची. हात लावला तर मांजराच्या पाठीइतका गरम लागायचा.

पाटीवरचा व्होल्टचा आकडा न वाचण्याची किंमत मात्र अमेरिकेत मोजावी लागते. तिकडे संसार थाटायला निघालेल्या मराठी मुलीच्या बॅगेत गोडा मसाला, पोळपाट आणि मिक्सर जातो. तिथल्या भिंतीत १२० व्होल्ट. मोटरचा हिशेब गीझरइतका सरळ नाही, पण व्हायचं तेच होतं. मिक्सर घरघरतो, आणि चटणी भरड ती भरडच राहते. एवढ्यावर निभावतं. उलट्या दिशेचा प्रवास जास्त महाग. तिकडून येताना कुणीतरी ५०० वॅटचा राइस कुकर प्रेमाने आणतं. १२० व्होल्टवर ५०० वॅट, म्हणजे २८.८ ओहम. तो आपल्या २३० व्होल्टला लावला की वॅट होतात १८३७. दाब दुप्पटही झाला नाही, पण उष्णता पावणेचार पटींच्या जवळ गेली. तांदूळ राहतात बाजूला, कुकरच शिजतो. यातून सहीसलामत सुटतो तो मोबाइलचा चार्जर. त्याच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. जाईल तिथे जुळवून घेणारा जावई सगळ्यांना आवडतो, तसा तो.

हा पटीचा खेळ जेम्स जूलने १८४० च्या सुमारास उघड केला. हा मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, बिअर गाळण्याचा घरचा धंदा असलेला. तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असं त्याने मोजून दाखवलं. करंट दुप्पट, तर ताप चौपट. मुंबईच्या लोकलचा इतिहास या वर्गावर बेतलेला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला हार्बर मार्गावर बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. समजा गाडीला तीन हजार किलोवॅट हवेत. मग डोक्यावरच्या तारेतून दोन हजार अँपियर वाहायला हवेत. तेच तारेत २५ हजार व्होल्ट सोडले, तर १२० अँपियरमध्ये काम होतं. करंट सुमारे सतराव्या भागावर, आणि तार तीच धरली तर वाटेत वाया जाणारी उष्णता पावणेतीनशेव्या भागावर. म्हणून सगळं हळूहळू २५ हजारांवर नेलं गेलं, आणि शेवटची डीसी लोकल २०१६ मध्ये धावली ती त्याच हार्बरवर. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्याला साडेसातशे किलोमीटर वीज येते, तिथे तर अधिक-उणे पाच लाख व्होल्ट आहेत. दीड हजार मेगावॅट, दीड हजार अँपियर. हीच वीज घरातल्या २३० व्होल्टनी आणायची म्हटली, तर पासष्ट लाख अँपियर लागतील. तेवढ्या जाडीचं तांबं टाकण्यापेक्षा सगळी मुंबई उचलून चंद्रपूरला नेणं स्वस्त पडेल.

शेजारच्या काकूंच्या ओट्यावर मात्र या वर्गाचं राज्य अजून चालू आहे. तिथे एक ६ अँपियरचं सॉकेट, त्यात एक एक्स्टेन्शन बोर्ड, आणि बोर्डाला चार भोकं. भोक दिसलं की पिन घालायची हा काकूंचा साधा नियम. परवा बोर्डाला वास येऊ लागला तेव्हा वायरमन आला. त्याने बोर्ड काढून उजेडात धरला. प्लास्टिक मूळचं पांढरं. पण एका पिनच्या भोवती ते आधी पिवळं, मग चहाच्या रंगाचं आणि भोकाच्या काठाशी काळं झालं होतं. आतली पितळी पट्टी सैल पडून तिच्यावर करडा थर चढला होता.

"काय काय लावता यावर?" त्याने विचारलं.

"जास्त नाही रे. किटली, टोस्टर आणि मिक्सर."

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि काकूंच्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर लिहायला सुरुवात केली. १५००, ८००, ७५०. बेरीज ३०५०. "हजाराला साडेचार धरा. तेरा-चौदा अँपियर झाले. सॉकेट सहाचं, आतली वायर दीडची."

"पण एमसीबी पडला नाही कधी."

"तो वीसचा बसवलाय कुणीतरी. कसा पडेल?"

मी मनात पुढचा भागाकार, म्हणजे गुणाकार, करून घेतला. सैल पट्टीचा रोध अगदी पाव ओहमहून कमी, शून्य पूर्णांक दोन धरला, तरी तेराचा वर्ग एकशे एकोणसत्तर, गुणिले शून्य पूर्णांक दोन : चौतीस वॅट. नखाएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न एवढ्याच वॅटचं असतं, आणि काकूंकडे ते रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी बोर्डाच्या पोटात तापत होतं. हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या पेन्सिलीकडे बोट दाखवलं आणि हे कोण पुसणार ते आधी सांग, म्हणाल्या.

वायरमनने चारची वायर ओढून मेन बोर्डापासून वेगळी लाइन आणायचं ठरवलं, त्यावर १६ चं सॉकेट आणि त्याच्या मापाचा एमसीबी. खर्चाचा आकडा ऐकून काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एवढं करतोच आहेस तर मग त्यावर मायक्रोवेव्हपण चालेल ना?"

"चालेल काकू. पण एका वेळी एकच मोठं."

"आणि फ्रिज?"

त्याने पेन्सिल पुन्हा कानामागून काढली.